उन्हाळ्यातलं लग्न पूर्ण फिल्मवर शूट करावं का? किती रोल लागतील?

तुम्ही लिहिलंय की घरचं लग्न आहे, भर दुपारी, उघड्यावर, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही फिल्मवर करायचेत, पण सगळे म्हणतात फिल्मवर भरवसा ठेवू नको. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो, कारण हेच मी सहा वर्षं माझ्या मोठ्या भावाकडून ऐकतोय.

मामेबहिणीचं लग्न होतं. दादा डिजिटलवर, मी ३५ एमएमवर, १४ रोल घेऊन. दादाने आधीच सांगून ठेवलं की एवढ्या उन्हात फिल्मवर चेहरे जळणार. नाही जळत. कलर निगेटिव्हला, म्हणजे प्रिंट काढायच्या नेहमीच्या रंगीत फिल्मला, जास्तीचा उजेड चालतो, कमी पडलेला चालत नाही. मी कोडॅकची पोर्ट्रा ४०० (४०० हा तिचा स्पीड) कॅमेऱ्यावर २०० ला लावली, म्हणजे तिला दुप्पट उजेड दिला, उजेड मोजायचा मीटर सावलीत धरून रीडिंग घेतलं आणि चेहरे मऊ, स्वच्छ आले. दादाच्या फाइल्समध्ये पांढरे कपडे पार फटक पडलेत, त्यात आता काही परत येत नाही. (स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर थेट सरळ रंगांचं चित्र येतं ती, मात्र नेऊ नका, तिला एवढी चूक चालत नाही.)

आता चौथ्या रोलचं सांगतो, कारण सगळी बोलणी त्याचीच खाल्लीत. नवरानवरी आत यायला आणि माझा रोल संपायला एकच गाठ. घामाने बोटं ओली, फिल्मचं टोक ती गुंडाळणाऱ्या स्पूलच्या खाचेत नीट बसलंच नव्हतं आणि मी घाईत झाकण लावलं. वरचा आकडा पुढे सरकत होता म्हणून मी निर्धास्त. रोल ३६ फोटोंचा, ३६ झाले, ३७ झाले, ३८ ला पोटात गोळा आला. फिल्म जागची हललीच नव्हती, अख्खा रोल कोरा! लिव्हर ओढली की डावीकडचा रिवाइंड नॉब फिरला पाहिजे, हे मला माहीत होतं, त्या दिवशी बघितलं नाही. तेव्हापासून घरात चार माणसं जमली की दादाचं सुरू, फिल्मवर भरवसा नाही म्हणून. अरे, फिल्मने दगा नाही दिला, माझ्या घाईने दिला. तुझं कार्ड एकदा करप्ट होऊन अख्खी संध्याकाळ गेली तेव्हा डिजिटलवर भरवसा नाही असं कोण म्हणालं?

व्हिडिओ मी सुपर ८ वर, म्हणजे काडतुसात येणाऱ्या छोट्या सिनेफिल्मवर केला. एका काडतुसात ५० फूट फिल्म, २४ फ्रेमच्या स्पीडला अडीच मिनिटं, बस. माझ्याकडे अशी चार होती, म्हणजे पूर्ण दिवसाची १० मिनिटं. शेवटच्या काडतुसातले वीसेक सेकंद मी राखून ठेवले होते. गाडी गेली, पाहुणे पांगले, दादाने बॅग भरली आणि मामा एकटेच खुर्च्या एकात एक घालत होते. पाचसहा घातल्या, सातवी हातात घेतली, जरा थांबले आणि तिच्यावरच बसले. रुमाल काढला, डोळ्याला नाही लावला, नुसता गुडघ्यावर पसरून त्याच्या घड्या घालत राहिले. दादा म्हणाला, खुर्च्या कसल्या शूट करतोयस. मामी आजही पहिल्यांदा तेवढंच लावायला सांगते, आणि दादाच्या तीन हजार फोटोंत मामा असे कुठेच नाहीत.

तर तुमचं, रोल किती. दिवसभराला ३५ एमएमचे १२ ते १५ धरा, १२० वर (ही रुंद फिल्म) ६×६ सेंमीच्या चौकोनी फ्रेम काढणार असाल तर एका रोलला १२ च फ्रेम मिळतात, त्या हिशोबाने वाढवा. सुपर ८ ला दुपारी ५०डी (उन्हाच्या उजेडाची फिल्म), संध्याकाळी आत गेल्यावर ५००टी (दिव्यांच्या उजेडाची, जास्त स्पीडची). ५०डी घालताना कॅमेऱ्यातला ८५ चा नारिंगी फिल्टर बंद आहे ना ते बघा, नाहीतर सगळं नारिंगी. आणि फिल्म उभ्या गाडीत ठेवू नका, तापली की रंग बिघडतात. फ्रीजमधून काढली असेल तर तासभर तरी पाकिटातच राहू द्या, लगेच उघडली तर दव धरतं.

हां, आणि एक राहिलंच. तुमच्या हातून आत्तापर्यंत दहाएक रोलसुद्धा गेले नसतील तर पूर्ण लग्न एकट्याने अंगावर घेऊ नका, डिजिटलवाला कोणीतरी सोबत असू दे. माझ्या कोऱ्या रोलमधले क्षण आज बहिणीकडे आहेत ते दादाच्याच फोटोंत, हेही खरंय. फक्त त्या डिजिटलवाल्याला आधीच सांगून ठेवा की तुमच्या लेन्सच्या पुढे यायचं नाही.