शाळाच नाही, मग सुट्टी कसली?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही पुण्यात राहतो, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची, दोघांनाही घरीच शिकवतो, होमस्कूलिंगचं हे तिसरं वर्ष. मागच्या आठवड्यात एका सकाळी मुलगा अपूर्णांकांवरून रडकुंडीला आला, मी पण वैतागले, शेवटी वह्या मिटल्या आणि स्वारगेटहून सिंहगड पायथ्याची बस पकडली. दिवसभर नुसती धमाल केली, भजी खाल्ली, मडक्यातलं दही तर किती संपवलं मोजलंच नाही, शिकणं शून्य. परत आलो तर सासूबाई म्हणाल्या, "शाळाच नाही, मग सुट्टी कसली?" नवऱ्याचं म्हणणं रविवारी जायचं होतं ना. रात्री मी रोजच्या वहीत 'इतिहास : गडभेट' असं लिहून टाकलं पण खोटं लिहिल्यासारखं वाटतंय. अशी सुट्टी घेणं चुकतंय का माझं?

– एक आई, पुणे

उत्तर : आधी वहीतलं ते 'इतिहास' खोड बघू. त्याजागी 'सुट्टी' लिही, ठळक अक्षरात.

आता हिशोब करू, सासूबाईंनाही वाचून दाखव. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळांसाठी नियम आहे, पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. नियम शाळांचा आहे, तुझ्या घराचा नाही, पण अंदाज घ्यायला बरा. ३६५ मधून २०० गेले की उरतात १६५. म्हणजे शाळेतल्या पोरांना दिवाळी, उन्हाळा, रविवार सगळं धरून एवढे दिवस मोकळे मिळू शकतात आणि त्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारत नाही. तू मात्र एका दिवसासाठी स्वतःवर खटला भरून बसलीयस. आणि ८०० भागिले २०० म्हणजे दिवसाला ४ तास, तेही अख्ख्या वर्गात मिळून, तुझ्याकडे दोनच पोरं आहेत गं.

मी हीच चूक वेगळ्या पद्धतीने केली होती म्हणून सांगते. माझी मुलं घरी शिकत होती तेव्हा मी पण त्यांना सिंहगडावर नेलं, पण पर्समध्ये प्रश्नपत्रिका घेऊन! तानाजी मालुसऱ्यांची लढाई कोणत्या साली, १६७०, बरोबर, आता देवटाक्याचं पाणी उन्हाळ्यातही गार का सांगा, पिठलं-भाकरीचं बिल तोंडी करा... धाकटा भाकरी हातात धरून म्हणाला, "आई, तू आज पण टीचरच आहेस का?" तो घास काही माझ्या घशाखाली उतरला नाही. त्यानंतर ठरवलं, सुट्टी म्हणजे सुट्टी, त्यातून काय शिकले ते शोधायचं नाही. पोरांना बरोबर कळतं आपण फिरायला आलोय की फिरवून शिकवलं जातंय ते.

रविवारचं म्हणशील तर नवऱ्याला एकदा रविवारी सकाळी त्या घाटरस्त्यावर गाडीत बसव, परत बोलणार नाही. आडदिवशी गर्दी नाही, बसमध्ये जागा मिळते, भजीवाल्या मावशी निवांत गप्पा मारतात, आपल्याला हा फायदा आहे तर घ्यायचा. फक्त बुधवारी कात्रजच्या प्राणीसंग्रहालयाला जाऊ नको, बंद असतं, आम्ही बंद गेट बघून आलोय.

एक मात्र खरं, दर दोन दिवसांनी अपूर्णांक आला की गड गाठायची वेळ येत असेल तर तो सुट्टीचा प्रश्न नाही, अपूर्णांकाचा आहे, मग ते पुस्तक महिनाभर बाजूला ठेव आणि घरी भाकरीचे चार तुकडे कर, आठ कर, खाऊन टाका. घाई कसली आहे? एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी द्यायची तरी वय १४ लागतं, अजून ५ वर्षं आहेत त्याला.

आणि एक विचारू? त्या दिवशी डबा कोणी केला, परत येऊन कुकर कोणी लावला? तूच ना. मग पोरांची सुट्टी झाली, तुझी कुठे झाली! पुढच्या महिन्यात नवऱ्याला एक दिवस रजा टाकायला सांग, खायचं सगळं गडावर. आणि सासूबाईंना पण घेऊन जा, त्यांना चढायला नको, पायथ्यापासून वर जीप जातात. पुढच्या सीटवर बसव त्यांना आणि पहिलं दह्याचं मडकं त्यांच्या हातात दे.