पूर्ण स्कॉलरशिप असताना कर कसला?

“ताई, माझा व्हिसा जाईल का?” मार्च २०२५ मध्ये व्हिडिओ कॉलवर सांगलीच्या त्या मुलीने आधी हेच विचारलं. ती अमेरिकेत दुसऱ्या वर्षाला, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. वर्षाची स्कॉलरशिप ४२,००० डॉलर. २०२४ मध्ये कॉलेजने तिच्या खात्यावर १,६८० डॉलर कर लावला. लायब्ररीतल्या कामाच्या पगारातून तिने तो गुपचूप भरला. आता मिळालेली रक्कम आणि कापलेला कर दाखवणारा १०४२-एस फॉर्म आला, आणि आपण काहीतरी दडवलं असा सरकारचा समज झालाय, या भीतीने तिची झोप उडाली. घरी एक शब्द नाही. “बाबांनी गल्लीभर पेढे वाटलेत, सगळं फुकट म्हणून. त्यांना काय सांगू?”

मी तिला कागद काढायला लावला. ट्यूशन (म्हणजे कॉलेजची शिकवण्याची फी) आणि सक्तीची फी ३०,०००. उरलेले १२,००० खोली आणि जेवणाचे. अमेरिकेत पदवीच्या विद्यार्थ्याची स्कॉलरशिप ट्यूशन, सक्तीची फी आणि अभ्यासक्रमात सर्वांना लागणारी पुस्तकं-साहित्य यांवर खर्च झाली, तर तेवढी करमुक्त. खोली-जेवणाचा भाग मात्र उत्पन्नात धरतात, मग हॉस्टेलमध्ये राहणं कॉलेजनेच सक्तीचं केलेलं असलं तरी. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल मिळालेले पैसे तर सरळ पगारच. एफ-१ विद्यार्थ्याच्या करपात्र भागातून साधारणपणे १४ टक्के आधीच कापतात. १२,००० चे १४ टक्के म्हणजे नेमके १,६८०.

ती गप्प झाली. मग म्हणाली, “म्हणजे मी काही चुकले नाही?”

नाही गं.

प्रवेशाच्या वेळी ही फोड कुणीच तिच्यासमोर मांडली नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं. ऑफर लेटर वाचतानाच हा हिशेब व्हायला हवा, आणि ते काम आम्हा समुपदेशकांचं आहे.

पुढचा हिशेब दिलासा देणारा निघाला. सक्तीच्या पुस्तकांच्या ६०० डॉलरच्या पावत्या तिच्याकडे होत्या. ते वजा करून ११,४००, त्यात लायब्ररीचा पगार २,१००, एकूण १३,५००. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला तिथली प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम, घेता येते. २०२४ साठी ती १४,६०० होती. म्हणजे केंद्रीय कर शून्य, आणि कापलेले १,६८० डॉलर परत. मात्र त्यासाठी १५ एप्रिलच्या आत १०४०-एनआर हे अनिवासींचं रिटर्न भरायचं, सोबत विद्यार्थी म्हणून तिथे राहिल्याची माहिती देणारा ८८४३ फॉर्म जोडायचा. राज्याचा कर वेगळा बघायचा.

दोन दिवसांनी आम्ही तिच्या बाबांना कॉलवर घेतलं. त्यांचं किराणा दुकान आहे. “मॅडम, स्कॉलरशिपवर कर नसतो ना?” त्यांचंही खरंच होतं, आपल्याकडे तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १०(१६) खाली शिक्षणाच्या खर्चासाठी दिलेली स्कॉलरशिप करमुक्त होती. तिथला नियम निराळा, एवढंच. “टीडीएस कापलाय असं समजा,” मी म्हटलं. ते लगेच मोकळे झाले. टीडीएस त्यांच्या रोजच्या ओळखीचा.

मग लेकीला म्हणाले, “पुस्तकांच्या पावत्या मला व्हॉट्सअॅपवर पाठव. इथे फाईल करून ठेवतो. आणि बाळा, पुढच्या वेळी आधी मला फोन कर.”