उपाधी : आजीची, पेपरातली आणि प्रवचनातली

प्रश्न असा आलाय की कोल्हापुरात घरी आजी सारखं म्हणते "कशाला नसती उपाध मागं लावून घ्यालायस", पेपरात येतं अमक्यांना मानद उपाधी मिळाली, आणि वेदान्ताच्या प्रवचनात सांगतात की देह, मन, बुद्धी ह्या सगळ्या उपाधी, तर हे शब्द वेगळे का एकच? शेवटी प्रश्न पाठवणाऱ्या ताईंनी अजून एक विचारलंय, की राग ही मनाची उपाधी आहे, माझं स्वरूप नाही, हे पटलं तरी ऑफिसात राग यायचा तो येतोच, मग समजून उपयोग काय? मला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, पण त्याचं उत्तर पहिल्यातनंच निघतंय म्हणून तिथनं सुरू करतो.

शब्द एकच. उप + आ + धा. धा म्हणजे ठेवणे. आधी (मनाचं दुखणं), व्याधी आणि समाधी हे सगळे ह्याच धा चे, फक्त पुढचे उपसर्ग बदललेत. उपाधी म्हणजे जवळ आणून ठेवलेली, वरनं लावलेली गोष्ट. (उपाध्ये आडनावाचा ह्याच्याशी संबंध नाही, ते उपाध्यायवरनं आलंय, त्यात धातू 'इ' आहे, ज्याच्याजवळ जाऊन शिकायचं तो.) आता नावाला लावली ती पदवी, म्हणजे शाहू महाराजांना १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी समाजाच्या अधिवेशनात 'राजर्षी' ही उपाधी दिली तसली. आणि माणसाला चिकटला तो व्याप, लचांड, ती आजीची उपाध. दासबोधात एकोणिसाव्या दशकात 'उपाधिलक्षण' नावाचा अख्खा समास आहे, तिथं समर्थ लोकांत मिसळून चालवायच्या मोठ्या व्यापाबद्दल बोलतात, म्हणजे आजीचा अर्थ हा काही अडाणी अपभ्रंश नाही, चांगला जुना मराठी अर्थ आहे.

न्यायशास्त्रातही (म्हणजे कायदा नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) हा शब्द आहे. धूर आहे तिथं अग्नी असतो हे बरोबर, पण उलटं, अग्नी आहे तिथं धूर असतोच, हे चूक, कारण धुराला ओलं जळण लागतं, आणि त्या ओल्या जळणाला नैयायिक, म्हणजे हे न्यायवाले, उपाधी म्हणतात. आपल्याकडं गुऱ्हाळावर हे डोळ्यांनी दिसतं, वाळलेली चिपाडं असली की चुलवाण नुसतं धडाडून पेटतं, आणि ओली गेली की सगळं गुऱ्हाळ धुरानं भरतं. जाळ तोच. धूर आला तो त्याच्याजवळ आणून ठेवलेल्या ओलीमुळं.

वेदान्तातली उपाधी हीच. जी जवळ राहून आपला गुण दुसऱ्यावर दाखवते ती. त्यांचं ठरलेलं उदाहरण स्फटिक आणि जास्वंद : पारदर्शक स्फटिकाशेजारी लाल जास्वंद ठेवलं की स्फटिक लाल दिसतो, पण लाली स्फटिकात शिरलेली नसते. इथं विशेषण आणि उपाधी ह्यातला फरक बघण्यासारखा आहे. निळं कमळ म्हटलं तर निळेपणा त्या कमळाचाच असतो, ते विशेषण. उपाधी वेगळं करून दाखवते पण ती वस्तूचा भाग नसते. म्हणून 'मी जाड', 'मी हुशार', 'मी मॅनेजर', 'मी नापास' ह्यात आपण जे विशेषण म्हणून लावतो ते अद्वैतवाले, म्हणजे शंकराचार्यांच्या मताचे वेदान्ती, उपाधीच्या खात्यात टाकतात, जाडी देहाची, हुशारी बुद्धीची, मॅनेजरपण कंपनीनं दिलेलं आणि मी त्या सगळ्याला बघणारा. (सगळे वेदान्ती असं मानत नाहीत हेही सांगतो, भास्कर नावाचे आचार्य, गणितवाले नव्हेत, वेदान्तावर भाष्य लिहिणारे, ते उपाधी खरीच असते म्हणायचे.)

आता ताईंचा खरा प्रश्न. ह्याला शास्त्रात अगदी नेमकं उत्तर आहे आणि ते प्रवचनात सहसा कुणी सांगत नाही ह्याचं मला वाईट वाटतं. भ्रम दोन प्रकारचे मानलेत, निरुपाधिक (उपाधीशिवायचा) आणि सोपाधिक (उपाधीमुळं होणारा). दोरीवर साप दिसला, बॅटरी मारली, दोरी कळली, साप गेला, परत दिसणार नाही, हा निरुपाधिक. पण स्फटिक लाल दिसतोय आणि तुम्हाला पक्कं माहिताय की तो लाल नाही, तरी जोवर जास्वंद शेजारी आहे तोवर तो लालच दिसणार. हा सोपाधिक. ज्ञान झाल्यावर तो खरा वाटायचा थांबतो, दिसायचा थांबत नाही.

म्हणजे राग येतोय ह्याचा अर्थ तुम्हाला कळलं नाही असा होत नाही. इथं जास्वंद म्हणजे मन, ते आहे तोवर रागाचा रंग दिसणारच. बघायचं ते एवढंच की पूर्वी राग आल्यावर 'मी आहेच असली तापट' म्हणून दोन दिवस स्वतःला खात बसायचात किंवा तेच मिरवायचात, ते कमी झालंय का? मीटिंगमधे बॉसनं सगळ्यांसमोर झापलं, डोकं तापलं, आणि त्याच क्षणी कुठंतरी 'मनाला राग आलाय' एवढं दिसलं, तर काम झालं. मग उत्तर द्यायचं का नाही, काय द्यायचं, हे ठरवायला जरा जागा मिळते. मराठी बोलणाऱ्याला हे सोपं जावं, आपण म्हणतोच की मला राग आला, मला कंटाळा आला, म्हणजे पाहुण्यासारखा आला, मी आधीपासनं होतोच.

अजून एक, कारण व्हॉट्सॲपवर 'उपाधी टाका, मुक्त व्हा' असं फार फिरतं आणि चांगली कमावती पोरं त्यावरनं घर, नोकरी, म्हातारे आईबाप म्हणजे बंधन असं बोलायला लागतात. उपाधी टाकायची असं म्हणायचं असेल तर आधी देह टाकायला लागेल, कारण पहिली उपाधी तीच. जीवन्मुक्तालासुद्धा, म्हणजे जिवंतपणीच मुक्त झालेल्याला, प्रारब्ध संपेपर्यंत देह असतो, तो जेवतो, बोलतो. जास्वंद उचलून फेकायला कुणी सांगितलेलं नाही, लाली कुणाची ते ओळखायला सांगितलंय. नोकरी सोडायचीच असेल तर तिची दुसरी कारणं असतील, ती स्वतंत्र बघावीत, शंकराचार्यांवर घालू नयेत.

हा शब्द लिहायचा कसा, हेही ताईंनी विचारलं होतं. एकटा शब्द मराठीत दीर्घ, उपाधी, स्त्रीलिंगी, अनेकवचनही उपाधीच (ह्या उपाधी). समासात पहिलं पद असेल तर ऱ्हस्व, उपाधिलक्षण, उपाधिभेद. सोपाधिक, निरुपाधिक ह्यातही धि ऱ्हस्वच. युनिव्हर्सिटीच्या डिग्रीला मात्र मराठीत पदवी म्हणावं, उपाधी ही हिंदीची सवय आहे, नावापुढं मानानं लावतात त्यासाठी ती ठेवावी. आणि आजीची 'उपाध' तशीच लिहा, दुरुस्त करू नका.