पंचांना विचारा : ‘बाबा, त्याचा पाय लागलाच नव्हता’

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा फुटबॉल खेळतो. उपांत्य सामन्यात तो पेनल्टी बॉक्समध्ये पडला, पेनल्टी मिळाली, संघ जिंकला. रात्री झोपताना म्हणाला, ‘बाबा, त्याचा पाय लागलाच नव्हता.’ प्रशिक्षकांनी मात्र त्याची पाठ थोपटली. फाउल आहे की नाही ते बघणं पंचांचं काम, असं त्यांचं म्हणणं. मीच त्याला मॅराडोनाचा हातानं केलेला गोल कौतुकानं दाखवला होता. आता काय बोलू? – एक वडील

उत्तर : त्यानं आपणहून सांगितलं, म्हणजे त्याला ते खुपतंय. रागावू नका. पण ‘जाऊ दे’ असंही म्हणू नका.

मी चौदा वर्षं शालेय आणि क्लबच्या सामन्यांत पंच होते. मध्ये एखाद्या खेळाडूची पाठ आली की पायाला पाय लागला की नाही, ते पंचांना दिसत नाही. मग पडणाऱ्याच्या अंगावरून अंदाज बांधावा लागतो. खरा धक्का बसलेला बेसावध पडतो, त्याचे हात जमिनीकडे जातात. सोंग करणाऱ्याचे हात बहुतेकदा वर जातात, गुडघे आधीच वाकलेले असतात. हे नजरेत बसायच्या आधी एका सामन्यात मी अशाच सोंगाला पेनल्टी दिली. मध्यंतरात माझ्या लक्षात आलं. उत्तरार्धात त्याच संघातल्या दुसऱ्या मुलाला खरोखर पाडलं, आणि मी शिट्टी वाजवली नाही. हाही नाटक करतोय असं वाटलं. त्याचा घोटा सुजला होता. पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी मला आजही जास्त सलते.

प्रत्येक पडणं सोंग नसतं, हेही त्याला सांगा. वेगात असताना हलका स्पर्शही तोल घालवतो. अंगावर येणारा पाय चुकवायला उडी मारून पडलं तर त्यात लबाडी नाही. लबाडी आहे ती फाउल झाल्याचं दाखवून पंचांना फसवण्यात, आणि नियम १२ प्रमाणे त्याला पिवळं कार्ड आहे.

प्रशिक्षकांचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. मार्च १९९७ मध्ये आर्सेनलविरुद्ध लिव्हरपूलचा रॉबी फाउलर गोलरक्षक डेव्हिड सीमनसमोर पडला. पेनल्टी मिळाल्यावर फाउल झालेला नाही असं तोच पंचांना हातवारे करून सांगत होता. पंचांनी ऐकलं नाही. त्याची पेनल्टी सीमननं अडवली, पण परतलेल्या चेंडूवर जेसन मॅकअ‍ॅटीरनं गोल केला. २०१२ मध्ये नापोलीविरुद्ध लात्सिओच्या मिरोस्लाव्ह क्लोजाच्या हाताला लागून चेंडू जाळ्यात गेला. तेव्हा ०-० होतं. त्यानं स्वतः पंचांना सांगितलं, त्यांनी ऐकलं, गोल रद्द झाला. लात्सिओ ०-३ हरला. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत पंचांना निर्णय बदलता येतो, म्हणून हे शक्य झालं. पेनल्टी मारण्याआधीचा तेवढा वेळ तुमच्या मुलापाशीही होता. अख्खा संघ आनंदानं ओरडत असताना बारा वर्षांच्या मुलानं एकट्यानं पंचांकडे जायचं, हे किती अवघड आहे ते मी पाहिलंय. म्हणून ते घरी आधी बोलून ठेवायला हवं.

आता मॅराडोना. २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, विश्वचषकात अर्जेंटिनाचा इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. ट्युनिशियाचे पंच अली बेनासेर यांना हात दिसला नाही. त्यांनी बल्गेरियाचे लाइन्समन बोगदान दोचेव्ह यांच्याकडे पाहिलं, त्यांनीही झेंडा वर केला नाही. चेंडूला हात लावला मॅराडोनानं, आणि त्या गोलाचा जाब या दोघांना पुढे कित्येक वर्षं विचारला गेला. मुलाला तो गोल पुन्हा दाखवा, पण या वेळी या दोन माणसांची गोष्ट सांगत. व्हिडिओ तिथंच बंद करू नका. चारच मिनिटांनी तोच खेळाडू आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन इंग्लंडच्या एकेका खेळाडूला चुकवत जातो, शेवटी गोलरक्षक पीटर शिल्टनलाही. ते मनसोक्त बघा दोघं.

आणि एक राहिलं. त्या दिवशी समोरचा जो बचावपटू होता, त्याच्या नावावर न केलेला फाउल लागला. संघ हरल्यावर त्याला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, कोण जाणे. स्पर्धा संपायच्या आत तो कुठं भेटला, तर तुमच्या मुलाला त्याच्याशी दोन मिनिटं बोलू द्या. तुम्ही थोडं लांब उभे राहा.