होह रेनफॉरेस्टमध्ये आईवडिलांबरोबर: हॉल ऑफ मॉसेस करावा की स्प्रूस नेचर ट्रेल?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक नॅशनल पार्कमधल्या होह रेनफॉरेस्टला एक दिवस जाताय, भारतातून आलेले आईवडील बरोबर आहेत, दोघंही पासष्टीच्या पुढचे, चालायची फार सवय नाही, तर तिथल्या दोन पायवाटांपैकी हॉल ऑफ मॉसेस करावा की स्प्रूस नेचर ट्रेल. एकच करायचा असेल तर माझं मत स्प्रूसला. यावर बरेच जण मला वेड्यात काढतील कारण फोटो सगळे हॉल ऑफ मॉसेसचे असतात, गर्दीही तिथेच असते, पण मी दोन्ही केलेत आणि दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आईबाबा बरोबर होते, त्या अनुभवावरून सांगतोय.

आधी हिशोब. दोन्ही ट्रेल व्हिजिटर सेंटरपासून सुरू होतात आणि गोल फिरून परत तिथेच येतात, त्यामुळे "अजून किती राहिलं" असं विचारत बसावं लागत नाही. हॉल ऑफ मॉसेस ०.८ मैल, स्प्रूस १.२ मैल म्हणजे दोन किलोमीटरला जरासा कमी. अंतर बघून वाटतं पहिला सोपा, पण त्याला सुरुवातीलाच साधारण १०० फुटांची चढण आहे आणि गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला तीच जाणवते. स्प्रूस लांब आहे पण बऱ्यापैकी सपाट, थोडी वरखाली आहे, बाकी मातीची वाट आणि मध्येमध्ये मुळं. बाबांचा डावा गुडघा जरा नाटकी आहे, त्यांनी काठी घेऊन आरामात केला. चालायचं म्हटलं तर पाऊण तासात होईल, आम्हाला पावणेदोन तास लागले आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही उभेच होतो.

उभे का होतो ते सांगतो कारण तोच मुद्दा आहे. हॉल ऑफ मॉसेसमध्ये मोठमोठे मेपल आहेत आणि त्यांच्या फांद्यांवरून शेवाळाच्या झालरी लोंबतात, बघताक्षणी तोंडातून वा निघतं, फोटो निघतात, झालं. स्प्रूसची वाट तुम्हाला होह नदीच्या काठापर्यंत नेते आणि तिथे कळतं की हे जंगल आलं कुठून. नदी दरवर्षी गोटे-रेती आणून टाकते, त्या उघड्या रेतीवर आधी अल्डर नावाची झाडं येतात. अल्डरची गंमत म्हणजे आपल्याकडे शेंगांची पिकं जे करतात तेच ती करतात, मुळांवर गाठी असतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. जमीन तयार झाली की त्यांच्या सावलीत सिटका स्प्रूस ही सूचिपर्णी झाडं उगवतात, अल्डर शंभरेक वर्षांत संपून जातात आणि स्प्रूस मात्र शेकडो वर्षं वाढत राहतात, काही तर २५० फुटांच्याही वर. म्हणजे नदीकडून आत येताना जंगलाचं वय पावलागणिक वाढत जातं. हे एकदा डोक्यात बसलं की साधी वाट राहत नाही ती. बाबा तर मान वर करकरून थकले, मग म्हणाले मी आता बुंधेच बघतो.

नदीचं पाणी स्वच्छ नाहीये, आधीच सांगून ठेवा नाहीतर घरचे म्हणतील एवढ्या लांब आलो आणि पाणी गढूळ. ते पांढरट निळसर दिसतं, ताकात निळीचा थेंब पडल्यासारखं. माउंट ऑलिंपसवरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळतात आणि ते पीठ पाण्यात तरंगत येतं, इतकं बारीक की लवकर खाली बसत नाही. पाणी बर्फाचंच, त्यामुळे पाय बुडवायचा मोह झाला तरी काठावर सांभाळून, ओढ जबरदस्त असते आणि काठ खालून पोखरलेला असू शकतो. ही नदी गरीब नाही हं. डिसेंबर २०२४ मध्ये तिने पार्ककडे जाणारा अप्पर होह रोडच एका ठिकाणी खाल्ला, रस्ता बंद, तो मे २०२५ मध्ये उघडला. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर रस्त्याची स्थिती बघाच.

वाटेत दोन गोष्टी आईबाबांना आवर्जून दाखवा. एक म्हणजे आडवी पडलेली मेलेली झाडं. जमिनीवर शेवाळ आणि नेच्यांची एवढी दाटी असते की बी रुजायला जागाच मिळत नाही, मग ती पडलेल्या खोडावर रुजतात, तिथे उजेडही जरा जास्त आणि ओल धरलेली. एकेका ओंडक्यावर बोटभर उंचीची हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची रोपं रांगेने उभी असतात, बाळंतिणीच्या खोलीत पाळणे मांडल्यासारखी. पुढे खोड कुजून नाहीसं होतं आणि वरची झाडं तशीच सरळ रेषेत राहतात, मुळं हवेत उंच आणि खाली पोकळी, माणूस वाकून आत शिरेल एवढी. बाबा ते बघून म्हणाले, ही फॉरेस्टवाल्यांनी दोरी धरून लावलीत का? मी म्हटलं नाही बाबा, यांची आई इथे पडली होती. मग ते पुढचा अर्धा तास प्रत्येक सरळ रांगेखाली "आई" शोधत होते.

दुसरं, मेपलच्या फांद्यांवरचे शेवाळाचे गादीसारखे थर. त्या थरात माती तयार होते आणि झाड फांदीतूनच मुळं काढून त्या मातीत घालतं, म्हणजे वरच्या वर जेवतं. हे कोणी शोधलं माहितीये? नलिनी नाडकर्णी. तेव्हा त्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये संशोधन करत होत्या, दोरावरून झाडांवर चढून त्यांनी ते थर उचकटून बघितले आणि १९८१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात पेपर छापला. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत आलेले. नाडकर्णी ऐकल्यावर आईचा ट्रेलकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला, त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक मेपलशी ती ओळख असल्यासारखं वागली :)

आईचा एक किस्सा सांगायलाच हवा. वाटेवर वरून पडलेले हिरवट, कोबीच्या पानांसारखे तुकडे दिसतील. तिने एक उचलून वास घेतला आणि म्हणाली अरे हे दगडफुलाच्या जातीचं काहीतरी आहे. बरोबर होती! ते लायकेनच (बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेलं), दगडफूलही लायकेनच. हे वालं उंच फांद्यांवर वाढतं, हवेतून नायट्रोजन घेतं आणि पडून कुजलं की तो जमिनीला मिळतो. ती रुमालात बांधायच्या बेतात होती, गोड्या मसाल्यात घालून बघू म्हणे, मी कसंबसं परत ठेवायला लावलं. पार्कमधून पान, दगड, लायकेन काही उचलून न्यायची परवानगी नाही, त्यामुळे तुमच्याकडेही असं कोणी हौशी असेल तर आधीच सांगून ठेवा.

एल्क म्हणजे मोठी हरणं, दिसली तर नशीब. रूझवेल्ट एल्क म्हणतात त्यांना, आणि हे पार्क झालं त्यामागे त्यांचा मोठा हात आहे: १९०९ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हा भाग नॅशनल मॉन्युमेंट म्हणजे संरक्षित क्षेत्र केला तो मुख्यतः त्यांना वाचवायला, नॅशनल पार्क १९३८ मध्ये झालं. जंगल खालून मोकळं मोकळं दिसतं तेही यांनी झुडपं चरून ठेवल्यामुळे. पण ५० यार्ड म्हणजे १५० फूट लांब राहायचा नियम आहे आणि तो पाळायचाच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला माद्यांबरोबर पिल्लं असतात, दोन्ही वेळा त्यांचा काही भरवसा नाही. वाटेवरच उभे असतील तर थांबा किंवा मागे फिरा, लूप आहे, उलट्या बाजूने या.

आता कधी जायचं. इथे वर्षाला जवळपास १४० इंच पाऊस पडतो, आपल्या कोकणाच्या तोडीचा, फक्त वेळापत्रक उलटं: हिवाळ्यात कोसळतो आणि जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे. पण त्याच दोन महिन्यांत गर्दी अशी की पार्किंग भरतं आणि मग एक गाडी बाहेर आली की एक आत. पहिल्या वेळी मी आळसाने साडेअकराला पोचलो आणि गाडीतच डबा खाऊन संपवला. दुसऱ्या वेळी आठच्या आत गेटवर होतो, काही त्रास नाही. तुम्ही सिएटलहून येणार असाल तर साधारण चार तासांचा रस्ता आहे, त्यामुळे आदल्या रात्री फोर्क्स किंवा पोर्ट एंजेलिसला मुक्काम करा, वयस्कर माणसांना पहाटे तीनला उठवू नका. पेट्रोल फोर्क्समध्येच भरा, पुढे आत खायला काही मिळत नाही, मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधी डाउनलोड करून घ्या. गाडीमागे एंट्री ३० डॉलर, ती सात दिवस चालते. कुत्रा असेल तर त्याला या ट्रेलवर नेता येत नाही.

कपड्यांचं म्हणाल तर रेनकोट घ्या, छत्री नको, एका हातात काठी आणि दुसऱ्यात छत्री असली की कठडा धरायला हातच उरत नाही. सोलला पकड असलेले बूट हवेत, माझे जुने स्पोर्ट्स शूज ओल्या मुळावरून असे सटकले की मी थेट बसलोच आणि आई सोडून सगळे हसले. तुमच्या आईवडिलांपैकी कोणाला एवढंही जमणार नसेल तर व्हिजिटर सेंटरजवळच एक अगदी छोटी, पक्की, सपाट वाट आहे, तिथेही शेवाळाची झाडं दिसतात.

आणि स्प्रूस करून पायात जोर उरला तर हॉल ऑफ मॉसेसच्या सुरुवातीला टाफ्ट क्रीकवरचा पूल आहे तिथपर्यंत तरी जा, चढण त्याच्या पुढे लागते. तो ओढा झऱ्याचा, त्यामुळे तळातली हिरवी पानं एकेक मोजता येतील इतका नितळ. होह आधी बघून झालेली असेल तर आईवडील आपणहून विचारतील की इथलं पाणी असं का.