उत्तर बरोबर, तरी चारपैकी एकच गुण

सांगोला तालुक्यातील एका आईंनी लिहिले आहे : “माझी मुलगी दहावीत आहे, मराठी माध्यम, राज्य मंडळ. सातवीपर्यंत गणितात तिला नव्वदच्या खाली गुण कधीच नव्हते. या सहामाहीत बीजगणितात ४० पैकी १७ आणि भूमितीत १४ पडले. पूर्वी इंजिनिअर होणार म्हणायची, आता गणिताचे नाव काढले की गप्प बसते. गणित तिला झेपत नाही असे समजून अकरावीला गणित नसलेला गट घ्यावा का? क्लास बदलावा का? दोन्ही उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवत आहे.”

ताई, सप्रेम नमस्कार.

उत्तरपत्रिका पाठवल्यात हे फार बरे केलेत, कारण नुसत्या १७ आणि १४ या आकड्यांवरून मीही कदाचित चुकीचा सल्ला दिला असता. बीजगणिताच्या पेपरातील चार गुणांचे शाब्दिक उदाहरण पाहा. एका आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटर जास्त असून क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर आहे, तर लांबी व रुंदी काढा, असा तो प्रश्न आहे. आपल्या मुलीने समासात ‘१२ × ७ = ८४’ असे लिहून खाली ‘लांबी १२ मी., रुंदी ७ मी.’ असे उत्तर दिले आहे. उत्तर अचूक आहे आणि तिला एकच गुण मिळाला आहे. यात तिला अन्याय वाटला असणार, आणि तिला तसे का वाटले हे मी समजू शकतो, कारण सातवीपर्यंत अशाच चटपटीतपणाबद्दल तिला शाबासकी मिळत होती.

दहावीत त्या चार गुणांसाठी मागितले जाते ते वेगळेच. रुंदी क्ष मीटर मानू, म्हणून लांबी क्ष अधिक ५. त्यावरून क्षचा वर्ग अधिक ५ क्ष वजा ८४ बरोबर शून्य हे वर्गसमीकरण. त्याचे अवयव पाडून क्षच्या ७ आणि उणे १२ या दोन किमती. आणि रुंदी ऋण असू शकत नाही म्हणून उणे १२ ही किंमत अग्राह्य. हे शेवटचे वाक्य अनेक मुलांना शोभेचे वाटते. माझ्या मते संपूर्ण उदाहरणात सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे, कारण समीकरणाला वाफा ठाऊक नसतो, तो फक्त सोडवणाऱ्याला ठाऊक असतो. संख्या ८४ ऐवजी अपूर्णांकात असत्या, तर आपल्या मुलीची अंदाजाची युक्ती तिथेच थांबली असती. समीकरण मात्र थांबले नसते.

भूमितीतील अडचण याच जातीची आहे, फक्त अधिक खोल आहे. त्रिकोणाच्या कोनदुभाजकाच्या प्रमेयाची सिद्धता तिने पाठ करून लिहिली आहे. पक्ष आणि साध्य नीट आहे. रचना मात्र गाळली आहे, आणि कारणांच्या रकान्यात तीन ठिकाणी ‘पक्ष’ एवढेच लिहिले आहे. या प्रमेयात सारा जीव रचनेत आहे. समोरच्या बाजूच्या एका टोकातून दुभाजकाला समांतर रेषा काढून त्रिकोणाची दुसरी बाजू तिला मिळेपर्यंत वाढवली की संगत कोन आणि व्युत्क्रम कोन हाती येतात, त्यातून एक समद्विभुज त्रिकोण मिळतो आणि मग प्रमाणाचे मूलभूत प्रमेय लावता येते. ती रेषा मूळ आकृतीत नसते. ती आपण काढायची असते. जिने ती काढलीच नाही, तिला पुढच्या ओळींची कारणे सापडणार कुठून? म्हणून ‘पक्ष, पक्ष, पक्ष’. नववीत ‘बाकोबा’, ‘कोबाको’ या त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या तिने घोकल्या असतील, पण कोणती कसोटी कुठे आणि का लागते हे तिला कोणी तोंडी विचारलेले दिसत नाही.

तेव्हा ‘झेपत नाही’ हा निष्कर्ष मला मान्य नाही. प्राथमिक शाळेत गणित म्हणजे उत्तर काढणे होते. नववी-दहावीत ते उत्तरापर्यंतची वाट दुसऱ्याला पटेल अशी लिहून दाखवणे झाले आहे. हा बदल पाठ्यपुस्तकात आहे, प्रश्नपत्रिकेत आहे, पण तो मुलांना शब्दांत सांगितला जातोच असे नाही. मंडळाच्या ४० गुणांच्या सध्याच्या पेपरात रिकाम्या चौकटी भरून पूर्ण करायच्या ‘कृती’ असतात त्या याच कारणासाठी, आणि शेवटचा तीन गुणांचा प्रश्न सहसा पुस्तकाबाहेरचा, विचार करायला लावणारा असतो.

क्लास बदलण्यापूर्वी हे करून पाहावे. रोज एकच उदाहरण, पण तिने ते आपल्याला मोठ्याने समजावून सांगावे. आपल्याला दहावीचे गणित आठवत नसेल तर उलट बरेच. प्रत्येक ओळीला आपण फक्त “हे कशावरून?” एवढेच विचारावे, आणि तिने दिलेले कारण वहीत त्या ओळीसमोर लिहायला लावावे. अर्थनियोजनाच्या प्रकरणासाठी घरातील एखादे वस्तू व सेवा कर लावलेले बिल पुढे ठेवले तरी पुरते. ते प्रकरण सोपे आहे आणि तिथले गुण सोडू नयेत. सांख्यिकी आणि संभाव्यता यांबद्दलही मला चिंता वाटत नाही.

आता गटाविषयी. तो निर्णय सहामाहीच्या गुणांवर घेऊ नये, निकालानंतर घ्यावा. मात्र कोणती वाट गणिताशिवाय बंद होते हे आजच माहीत असावे. अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र यांना बारावीचे गणित लागते. राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाच्या २०० गुणांपैकी १०० गुण एकट्या गणिताचे आहेत : ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जायचे म्हटले तरी पहिल्याच सत्रात गणित आहे. वाणिज्य शाखेत गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते, पण पुढे सीए व्हायचे ठरले तर फाउंडेशन परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्राचा पेपर समोर उभा राहतोच. नर्सिंग किंवा वैद्यकीय शाखेसाठी गणित विषय लागत नाही हे खरे. तरीही जीवशास्त्राच्या गटातील मुले भौतिकशास्त्रात सदिश आणि लॉगॅरिदमपाशी अडखळताना मी दरवर्षी पाहतो. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतही अंकगणित असते, म्हणजे कला शाखा घेतली की गणित कायमचे सुटले असेही होत नाही.

मराठी माध्यमाबद्दल आपण विचारले नाही, पण लिहितो. अकरावी विज्ञान बहुतेक ठिकाणी इंग्रजीत शिकवले जाते, आणि जीवा म्हणजे कॉर्ड, स्पर्शिका म्हणजे टँजंट, समरूप म्हणजे सिमिलर हे जिला ठाऊक नसते ती पहिले दोन महिने गणित येत असूनही गोंधळते. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही माध्यमांची पुस्तके विनामूल्य मिळतात. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत तीच भूमिती इंग्रजी पुस्तकातून एकदा वाचून काढली तर शब्दांची अडचण तेवढ्यात मिटते. परीक्षेपूर्वी मात्र हे करू नये.

जानेवारीतील सराव परीक्षेच्या दोन्ही उत्तरपत्रिका मला पुन्हा पाठवाव्यात. गुण किती पडले हे कळवले नाही तरी चालेल. मी आधी कारणांचा रकाना पाहीन.