इंदूरला १० बाय १२ च्या खोलीसाठी जुने बुकशेल्फ स्पीकर घेताना काय बघावं?

तुम्ही विचारलंय की खोली लहान, ऐकणं मुख्यतः ख्यालाचं, आजोबांचा ३० वॅटचा ॲम्प्लिफायर हाताशी, तर सत्तर-ऐंशीच्या दशकातले स्पीकर घ्यावेत का. घ्या. पण कंपनीचं नाव शेवटी बघा. आधी जाळी काढून कोनभोवतीची, म्हणजे आत थरथरणाऱ्या शंकूसारख्या पडद्याभोवतीची, लवचीक रिंग बघा.

हे मी पैसे घालवून शिकलो. रामबागेतल्या घरी पहिली जोडी आणली ती लाकडावर भाळून. विकणाऱ्याकडे हळू आवाजात पाच मिनिटं गोड वाजली. आठवड्याभरात, तबल्याच्या बायाँवर (डग्ग्यावर) जरा जोरकस घिस्सा आला की डावा स्पीकर खरखरू लागला. जाळी काढून रिंगेला बोट लावलं, तर बोटाला काजळीसारखं काळं, चिकट काहीतरी लागलं. अर्ध्या घेरात ती कोनपासून सुटलेली. फोमची होती. फोम न वाजवताही १५-२० वर्षांत हवेनेच कुजतो. रबराची किंवा डोप (चिकट लेप) लावलेल्या कापडाची रिंग सहसा अर्धशतक काढते. फोम बदलता येतो, पण नेमक्या मापाची रिंग हवी आणि व्हॉइस कॉइल (कोनामागची, त्याला हलवणारी तारेची गुंडाळी) मधोमध बसवणारा हात हवा. तो खर्च किमतीतून आधीच वजा करा.

मग कोनाच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून सारखाच, हलकेच आत दाबा. घासल्याचा बारीक आवाज आला तर जोडी तिथेच सोडा. ८ ओहमचा स्पीकर मल्टिमीटरवर साधारण ६-७ दाखवतो, आणि दोन्ही जवळपास सारखेच दिसायला हवेत. मागच्या लाल टोकाला दीड व्होल्टच्या पेनसेलचं धन आणि काळ्याला ऋण क्षणभर टेकवलं की वूफर, म्हणजे खालचे सूर देणारा मोठा कोन, बाहेर यावा. एक बाहेर आणि एक आत गेला, तर कुणीतरी आधी उघडून तारा उलट जोडल्यात. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर देणारा छोटा स्पीकर, मात्र कानानेच तपासा. तो मेला तरी गाणं चालूच राहतं, फक्त तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, जाते. म्हणून ते पटकन लक्षात येत नाही. एक बाजू निस्तेज वाटली तर क्रॉसओव्हरमधले (वरचे-खालचे सूर ट्वीटर-वूफरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमधले) कपॅसिटर वाळले असतील. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे नवे, दोन्ही बाजूंना एकदमच टाका.

आता नावं. बीबीसीने आपल्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी सत्तरच्या दशकात तयार केलेला एलएस३/५ए माणसाच्या आवाजाला फार प्रामाणिक आहे, आणि त्याची रिंग कुजत नाही. पण संवेदनशीलता, म्हणजे दिलेल्या वॅटमागे निघणारा आवाज, ८३ डेसिबलच्या आसपास. ८९ वाला स्पीकर तेवढाच आवाज चौपट कमी वॅटमध्ये देतो. तुमच्या खोलीत ३० वॅट पुरतील, पण किंमत संग्राहकांनी चढवून ठेवली आहे. मी तरी देणार नाही. त्यापेक्षा अकूस्टिक रिसर्च या अमेरिकी कंपनीच्या एआर-४एक्ससारखा कापडी रिंगेचा शोधा. फक्त त्याचा मागचा ट्वीटरचा नॉब गंजतो, तो फिरवून बघा.

कसोटी आपली घरचीच आहे. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा राग मारवा लावा. खाली मंद्रात धैवतावर ते थांबतात तेव्हा आवाज छातीतून आला पाहिजे. डब्यातून आल्यासारखा वाटला तर किंमत विचारूसुद्धा नका.

नाव बुकशेल्फ असलं तरी पुस्तकांच्या फळीत कोंबू नका. स्टँडवर ठेवा, बसल्यावर ट्वीटर कानाच्या पातळीला यावा. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, नाहीतर बायाँ सगळं गिळून टाकतो. फरशी कोटा दगडाची असेल तर खोलीच्या मधोमध एक टाळी वाजवून बघा. मागे झणझण उरली तर आधी सतरंजी अंथरा, मग पुन्हा मारवा लावा. मी स्पीकरला दोष देत महिना घालवला होता, दोष फरशीचा होता.

पेनसेल आणि साधा मल्टिमीटर महाराणी रोडला मिळेल. जोडी बघायला जाताना दोन्ही सोबत ठेवा.